ईबी-५ गुंतवणूकदार आणि अमेरिकेतील हद्दपारीची कारवाई: ठाणे व नवी मुंबईतील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रस्ता, पाचपाखाडी, वाशी, नेरूळ, खारघर या भागांतील अनेक कुटुंबांनी घर, कारखान्याचा गाळा किंवा साडेबारा टक्के योजनेतील भूखंड विकून मुलांसाठी अमेरिकेतील ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीच्या आधारे ग्रीन कार्ड देणाऱ्या योजनेत पैसे गुंतवले आहेत. अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र किंवा इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस आली की तिकडच्या मुलाइतकीच इकडच्या आईवडिलांची झोप उडते. अशा कुटुंबांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रे वेगळी असतात, त्यामुळे ही माहिती अमेरिकेतील परवानाधारक वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

मुलाचा आय-८२९ अर्ज नामंजूर झाला आहे. त्याला लगेच अमेरिका सोडावी लागेल का?

नाही. आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि घाबरून सर्वाधिक चुकीचे निर्णयही याच टप्प्यावर घेतले जातात.

१९९०च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत गुंतवणूकदाराने ठरावीक रक्कम अमेरिकी उद्योगात जोखमीसह गुंतवावी आणि त्यातून किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्यात, अशी अट आहे. पूर्वी ही रक्कम दहा लाख डॉलर, तर ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात पाच लाख डॉलर होती. मार्च २०२२च्या सुधारणा कायद्यानंतर ती अनुक्रमे साडेदहा लाख आणि आठ लाख डॉलर आहे. आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. ती दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-८२९ हा अर्ज भरून अट काढून टाकण्याची विनंती करावी लागते. हा अर्ज यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व व स्थलांतर सेवा कार्यालय, तपासते.

अर्ज नामंजूर झाल्यावर ते कार्यालय सशर्त दर्जा संपुष्टात आणल्याचे कळवते आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायालयाकडे पाठवते. मात्र न्यायालयातून देश सोडण्याचा अंतिम आदेश होईपर्यंत गुंतवणूकदाराला कायम रहिवाशाचा दर्जा असतो. त्याचा पुरावा म्हणून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मिळवता येतो आणि नोकरीही करता येते. नामंजुरीचे पत्र हातात पडताच नोकरीचा राजीनामा देऊन, घर रिकामे करून ठाण्याला परतण्याची तयारी करणे म्हणजे सुनावणीपूर्वीच दावा सोडून देणे होय.

न्यायाधीश काय तपासतात, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची असते?

गुंतवणूकदाराच्या बचावातील सर्वांत भक्कम मुद्दा येथे आहे, आणि तो पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसतो. आय-८२९ वेळेत भरला, मुलाखतीला बोलावले असल्यास हजेरीही लावली, आणि त्यानंतर तो गुणवत्तेवर नामंजूर झाला, तर इमिग्रेशन न्यायाधीश त्या निर्णयाची नव्याने तपासणी करतात. कायद्यानुसार त्या सुनावणीत अर्जातील माहिती खरी नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर असतो. पुराव्यांचे पारडे सरकारच्या बाजूने झुकलेले असले पाहिजे. यूएससीआयएससमोर अर्जदाराने स्वतःची पात्रता सिद्ध करायची असते. न्यायालयात ती बाजू उलटते.

मात्र अर्ज मुदतीत भरलाच नाही, किंवा मुलाखत चुकवली, तर भार पुन्हा गुंतवणूकदारावर येतो. उशिरा भरलेला अर्ज स्वीकारला जाण्यासाठी उशिराचे योग्य कारण आणि परिस्थितीची अडचण, दोन्ही दाखवावी लागतात. रुग्णालयातील वास्तव्य यात बसू शकते, पण प्रकल्पाच्या कंपनीकडून कागद आले नाहीत एवढेच सांगून सहसा भागत नाही. पहिल्या दोन वर्षांतच फसवणुकीच्या आरोपावरून दर्जा काढून घेतला असेल, तर तेथेही सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारचीच असते.

प्रत्यक्ष सुनावणीत वाद बहुधा दोन गोष्टींवर होतो. पहिली म्हणजे पैसे खरोखर जोखमीत होते का. १९९८च्या इझुमी प्रकरणातील निर्णयापासून, ठरावीक रक्कम ठरावीक दिवशी परत मिळण्याची हमी असेल तर ती गुंतवणूक धरली जात नाही. दुसरी म्हणजे नोकऱ्या. स्वतःचा व्यवसाय असेल तर कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकांची आणि करविवरणांची तपासणी होते; रीजनल सेंटरच्या, म्हणजे अनेकांची गुंतवणूक एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या, प्रकल्पात अर्थतज्ज्ञाच्या अहवालाने काढलेल्या अप्रत्यक्ष नोकऱ्याही मोजल्या जातात. आधी मंजूर झालेल्या योजनेप्रमाणे गुंतवणूकदाराने वागल्यावर नंतर बदललेले नियम त्याला लावणे न्याय्य आहे का, हा प्रश्नही उभा राहतो. नवव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायालयीन विभागाच्या, अपील न्यायालयाने २००३मध्ये चँग प्रकरणात असे मागाहून नियम लावण्यास नकार दिला होता, आणि इझुमीच्या आधी मंजुरी मिळालेल्या गुंतवणूकदारांसाठी अमेरिकी संसदेला २००२मध्ये वेगळी तरतूद करावी लागली होती. कार्यालयाची भूमिका म्हणजे शेवटचा शब्द, असे समजण्याचे कारण नाही.

न्यायालयाची नोटीस आली आहे. पहिल्या आठवड्यात काय करावे?

या नोटिशीला तिकडे एनटीए, म्हणजे हजर राहण्याची नोटीस, म्हणतात. तिच्यात सरकारचे तथ्यविषयक आरोप, कायद्याची कलमे आणि ए या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ठाण्यातील घरीही लिहून ठेवावा, कारण सुनावणीची तारीख न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्यानेच पाहता येते आणि तारखा बदलत राहतात.

नोटिशीवरील पत्ता बरोबर आहे का हे सर्वांत आधी पाहावे. घर बदलल्यास न्यायालयाला पाच दिवसांच्या आत ईओआयआर-३३ या नमुन्यात, आणि यूएससीआयएसला दहा दिवसांच्या आत एआर-११ या नमुन्यात कळवावे लागते. ही दोन वेगळी कार्यालये आहेत. एकाला कळवले म्हणजे दुसऱ्याला कळले असे होत नाही. जुन्या पत्त्यावर गेलेल्या पत्रामुळे तारीख चुकली, तर गैरहजेरीतच देश सोडण्याचा आदेश होतो. अपवादात्मक कारण असल्यास असा आदेश उघडण्याचा अर्ज १८० दिवसांत करावा लागतो. नोटीस नियमाप्रमाणे मिळालीच नसेल तर तो कधीही करता येतो. पण एवढ्या उठाठेवीपेक्षा पाच मिनिटांचा पत्ताबदलाचा अर्ज सोपा.

पहिली सुनावणी छोटी असते. तीत नोटिशीतील आरोप मान्य आहेत की नाहीत हे विचारले जाते. वकील नसताना, नम्रपणाने म्हणून, प्रत्येक आरोपाला होकार देऊन बसणारे आपल्याकडचे लोक पुष्कळ असतात. न्यायाधीशांशी आदराने बोलावे, पण आरोप मान्य करणे किंवा नाकारणे वकिलावर सोडावे. वकील नेमण्यासाठी मुदत मागता येते. सरकार मात्र स्वखर्चाने वकील देत नाही.

आमची प्रकल्पवाल्यांनीच फसवणूक केली. त्याची शिक्षा मुलाला का?

हा प्रश्न रास्त आहे. व्हरमाँट राज्यातील जे पीक या स्की-पर्यटन प्रकल्पावर एप्रिल २०१६मध्ये अमेरिकी भांडवली बाजार नियामकाने फसवणुकीचा दावा दाखल केला. गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभारून त्यातील २० कोटींहून अधिक रकमेचा गैरवापर झाल्याचा त्यात आरोप होता. अशा प्रकरणांत पैसे आणि ग्रीन कार्ड दोन्ही धोक्यात येतात, आणि गुंतवणूकदाराची स्वतःची काही चूक नसते.

२०२२च्या कायद्यात अशा प्रामाणिक गुंतवणूकदारांसाठी संरक्षण आहे. रीजनल सेंटरची मान्यता रद्द झाली किंवा उद्योगावर बंदी आली, तर कळवल्यापासून १८० दिवसांत दुसऱ्या सेंटरशी संलग्न होण्याची किंवा आवश्यक नवी गुंतवणूक करण्याची संधी मिळते. गैरप्रकारात जाणूनबुजून सामील असलेल्याला ती मिळत नाही. म्हणून प्रकल्पाच्या कंपनीशी झालेला ईमेल-व्यवहार, विचारलेले प्रश्न, मिळालेली टाळाटाळीची उत्तरे हे सर्व जपून ठेवावे. आपणही फसवले गेलो, हे त्यातूनच दिसते.

वकील आणखी एक मार्ग तपासतात. सशर्त दर्जा असलेल्याला त्या दर्जावर असतानाच नव्या आधारावर दर्जाबदल, म्हणजे अमेरिकेत राहूनच नवे ग्रीन कार्ड, मागता येत नाही. पण १९९१च्या स्टॉकवेल प्रकरणात इमिग्रेशन अपील मंडळाने, विवाहाच्या आधारे मिळालेला सशर्त दर्जा संपुष्टात आल्यावर ही आडकाठी राहत नाही, असे ठरवले. तोच तर्क गुंतवणूकदारालाही लागू होतो. म्हणजे नवी गुंतवणूक करून नवा अर्ज भरणे आणि न्यायाधीशांसमोर दर्जाबदल मागणे शक्य होऊ शकते, परंतु त्यासाठी त्या वेळी व्हिसा क्रमांक उपलब्ध असावा लागतो. भारतात जन्मलेल्यांसाठी सर्वसाधारण ईबी-५ गटात मोठी रांग असते, तर ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के आणि जास्त बेरोजगारीच्या भागांसाठी १० टक्के व्हिसा राखीव आहेत. नवा प्रकल्प निवडताना हा फरक आधी पाहावा.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून आम्ही काय मदत करू शकतो?

पैशाचा माग दाखवणारे बहुतेक कागद इथेच असतात, आणि ते मिळवणे तिकडच्या वकिलाला जमणारे नसते. अट काढण्याच्या टप्प्यावर पैशाच्या स्रोताची पुन्हा चौकशी सहसा होत नाही. पण फसवणुकीचा आरोप असेल किंवा नवा अर्ज भरायचा असेल, तर सारे पुन्हा मांडावे लागते.

घर विकले असल्यास नोंदणीकृत खरेदीखत, दुय्यम निबंधकांकडील इंडेक्स-२, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि खरेदीदाराकडून रक्कम जमा झाल्याचे बँक-विवरण लागते. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त कुटुंबांची गोष्ट थोडी अधिक लांबीची असते: मूळ जमिनीचा सातबारा व फेरफार, भूसंपादनाचा निवाडा, सिडकोचे साडेबारा टक्के योजनेतील वाटपपत्र, भाडेपट्टा आणि हस्तांतरणाचा आदेश. सिडकोची जमीन मालकीहक्काऐवजी भाडेपट्ट्याने असते हे अमेरिकेतील अधिकाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे सनदी लेखापालाकडून किंवा वकिलाकडून एका पानाचे स्पष्टीकरण जोडलेले बरे. वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे येथील गाळा विकला असेल, तर एमआयडीसीची हस्तांतरणाची परवानगी आणि कंपनीची लेखापरीक्षित खाती जोडावीत.

पैसे बाहेर पाठवतानाचे कागद तितकेच महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, म्हणून आठ लाख डॉलर पाठवताना आई, वडील, काका, आत्या अशा अनेकांच्या नावे रकमा गेलेल्या असतात, किंवा काही ३१ मार्चच्या आधी आणि काही १ एप्रिलनंतर. अशा प्रत्येक नातेवाइकाचे बक्षीसपत्र, त्याची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि त्याच्या स्वतःच्या पैशाचा स्रोत दाखवावा लागतो. काकांनी पाठवले, एवढे उत्तर पुरत नाही.

एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट. घराच्या व्यवहारातील जी रक्कम रोखीने घेतली गेली आणि खरेदीखतात आली नाही, तिच्यासाठी आता मागील तारखेचा कागद बनवण्याचा विचारही करू नये. कमकुवत कागदाने प्रकरण अवघड होते. बनावट कागदाने ते संपते, आणि पुढील प्रत्येक व्हिसाच्या अर्जावर खोट्या निवेदनाचा ठपका राहतो.

मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लिहून सही करावी लागते. फक्त नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. घरातील कुणी भाषांतर केल्यास आक्षेप येऊ शकतो, म्हणून बाहेरचा माणूस बरा. आपल्याकडची नेहमीची अडचण नावांची असते: सातबाऱ्यावर वडिलांचे नाव एका रूपात, पासपोर्टवर दुसऱ्या, आणि सुनेचे माहेरचे व सासरचे नाव दोन्ही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र यांनी ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे आधीच दाखवावे. सरकारी वकिलाने विचारेपर्यंत थांबू नये.

ग्रीन कार्ड मिळाले, पण आम्ही दोघे वर्षातील बराच काळ ठाण्यातच राहिलो. विमानतळावर अडवले तर?

स्वतःच्या नावे गुंतवणूक केलेल्या ज्येष्ठ दांपत्यांत हा प्रश्न वाढतो आहे. व्यवसाय इथे, नातवंडे तिथे, आणि ग्रीन कार्ड व्हिसासारखे वापरायचे, अशी ही पद्धत असते. कायम निवास म्हणजे कायम राहण्याचा हेतू, असे कायदा मानतो. १८० दिवसांहून अधिक बाहेर राहून परतलेल्याची नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते, आणि एका वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्ड प्रवेशासाठी पुरेसे राहत नाही. लांबच्या वास्तव्यासाठी पुनर्प्रवेश परवाना असतो; त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

विमानतळावर अधिकारी आय-४०७ हा निवास सोडल्याचा नमुना पुढे करतात. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. रात्रीच्या लांब प्रवासानंतर, इंग्रजीत झालेल्या प्रश्नोत्तरांच्या दडपणाखाली, न वाचता केलेली सही परत घेणे फार कठीण असते. सही नाकारल्यास प्रकरण न्यायाधीशांसमोर जाते, आणि तेथे निवास सोडून दिल्याचे स्पष्ट, निःसंदिग्ध आणि खात्रीलायक पुराव्याने सरकारला सिद्ध करावे लागते. आपल्या बाजूने अमेरिकेतील घर, तिथली करविवरणे, बँक खाती, आणि भारतात थांबण्याचे तात्पुरते कारण, उदाहरणार्थ वडिलांच्या शस्त्रक्रियेचे कागद, मांडता येतात. हे कागद असतील तरच त्याचा उपयोग. वर्षानुवर्षे पाच-सहा महिन्यांनी जाऊन पंधरवड्यात परतणाऱ्यांची बाजू, आमच्या मते, खरोखरच लंगडी असते.

खटला चालू असताना आजारी आजोबांना भेटायला मुलगा ठाण्याला येऊ शकतो का?

सशर्त किंवा कायम रहिवाशाचा दर्जा अजून संपलेला नसेल, पासपोर्टवर वैध शिक्का असेल आणि सुनावणी तोंडावर नसेल, तर कायद्याने येता येते. पण परतताना त्याला पुन्हा प्रवेशाची चौकशी सहन करावी लागू शकते. ज्याचा दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित आहे आणि दुसरा कोणताही दर्जा नाही, त्याने बाहेर पाऊल टाकल्यास अर्ज सोडल्यासारखे होते. देश सोडण्याचा आदेश झाल्यानंतर निघणे म्हणजे तो आदेश स्वतःच अमलात आणणे, आणि त्यानंतर सहसा दहा वर्षांची प्रवेशबंदी येते. तिकीट काढण्यापूर्वी वकिलाचे लेखी उत्तर घ्यावे. घरच्यांनीही आजारपणाच्या फोनवर येण्याचा आग्रह धरू नये.

सून आणि मुलांचे काय?

पती किंवा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले मुख्य गुंतवणूकदाराच्या आधारे आलेली असतात, त्यामुळे त्याचा आय-८२९ नामंजूर झाल्यास त्यांचा दर्जाही अडचणीत येतो आणि प्रत्येकाच्या नावे वेगळी नोटीस निघते. सशर्त दर्जा मिळाल्यानंतर मुलाने एकविशी ओलांडली म्हणून तो अट काढण्याच्या अर्जातून आपोआप वगळला जात नाही. अमेरिकेत जन्मलेले नातवंड नागरिक असते, पण त्यामुळे आईवडिलांचा खटला थांबत नाही.

गुंतवणुकीची बाजू कमकुवत असेल, तर दुसरा काही बचाव आहे का?

काही आहेत. पाच वर्षे कायम रहिवासी, कायदेशीर प्रवेशानंतर सात वर्षे सलग वास्तव्य आणि कायद्याने गंभीर ठरवलेला गुन्हा नाही, अशा व्यक्तीला न्यायाधीश विवेकाधिकाराने कारवाई रद्द करून देऊ शकतात. सशर्त दर्जाची वर्षे यात धरली जातात, त्यामुळे ज्यांचे प्रकरण वर्षानुवर्षे रखडले त्यांना कधी कधी रखडल्याचा फायदा होतो. नागरिकाशी खराखुरा विवाह झाला असल्यास तोही आधार होतो. काहीच नसल्यास स्वेच्छेने निघून जाण्याची परवानगी मागता येते. ती खटला संपण्यापूर्वी मागितल्यास १२० दिवसांपर्यंत आणि शेवटी मिळाल्यास ६० दिवसांपर्यंतची असते. मुदतीत निघाल्यास हद्दपारीच्या आदेशामुळे येणारी प्रवेशबंदी टळते.

दारू पिऊन गाडी चालवणे, भांडणातून झालेली पोलीस तक्रार असे फौजदारी प्रकरण असेल, तर फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही वकिलांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक आहे. गुन्हा कबूल केल्याने हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये पडिला प्रकरणात म्हटले आहे.

हद्दपारी झाली तर गुंतवलेले पैसे बुडतात का?

आपोआप बुडत नाहीत. गुंतवणुकीचा करार आणि इमिग्रेशनचा दर्जा या वेगळ्या बाबी आहेत. परतफेड कराराप्रमाणे आणि प्रकल्पाच्या स्थितीप्रमाणे होते. मात्र खटला चालू असताना पैसे घाईने काढून घेतल्यास गुंतवणूक टिकवली नाही असा मुद्दा सरकारला मिळू शकतो.

गुंतवणूक ज्यांच्यामार्फत केली, ते इथले सल्लागार खटला पाहतो म्हणतात. त्यांच्यावर सोपवावा का?

नाही. इमिग्रेशन न्यायालयात अमेरिकेतील परवानाधारक वकील किंवा तेथील न्याय विभागाने मान्यता दिलेला प्रतिनिधीच उभा राहू शकतो. ज्याने कमिशन घेऊन प्रकल्प विकला त्याचे हित आपल्यापेक्षा प्रकल्पाशी अधिक जुळलेले असू शकते. २०२२च्या कायद्याने अशा मध्यस्थांना आय-९५६के नमुन्यात नोंदणी बंधनकारक केली आहे, तिची प्रत मागावी. प्रकल्पाच्या कंपनीने दिलेला वकीलही शक्यतो टाळावा. आधीच्या वकिलाच्या हलगर्जीपणामुळे प्रकरण बिघडले असेल, तर १९८८च्या लोझाडा निर्णयातील पायऱ्या पूर्ण करून प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते.

मुलाला ताब्यात घेतल्याचा फोन आला, तर?

ए-क्रमांक आणि जन्मदेश यांच्या आधारे ताब्यातील व्यक्तीचे ठिकाण इमिग्रेशन अंमलबजावणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्याने वकिलाला फोन करावा आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. न समजलेल्या कागदावर सही करू नये. जामिनाची मागणी सर्वच प्रकरणांत करता येत नाही. काही गुन्ह्यांत ताबा बंधनकारक असतो. फोनवर पैसे मागणारे अधिकारी मात्र जवळजवळ नेहमीच भामटे असतात. इथून एक रुपयाही पाठवण्यापूर्वी वकिलाकडून खात्री करावी.

निकाल विरोधात गेला, तर पुढे काय?

इमिग्रेशन अपील मंडळाकडे अपील करता येते. त्याची मुदत थोडी असते, त्यामुळे आदेश झाला त्याच दिवशी वकिलाकडून शेवटची तारीख लेखी घ्यावी आणि अपील करण्याचा हक्क न्यायाधीशांसमोर सोडून देऊ नये. मुदतीत केलेले अपील प्रलंबित असेपर्यंत आदेश अंतिम होत नाही, आणि म्हणून रहिवाशाचा दर्जाही टिकून राहतो. मंडळानेही नाकारल्यास ३० दिवसांत संबंधित सर्किटच्या अपील न्यायालयात दाद मागावी लागते. ही मुदत कुठल्याही कारणाने वाढवून मिळेल असे गृहीत धरू नये. अपील न्यायालयात अर्ज केल्याने हद्दपारी आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा स्वतंत्र अर्ज त्याच वेळी द्यावा. वकिलाची फी इथून पाठवायची असल्यास तीही वर सांगितलेल्या अडीच लाख डॉलरांच्या वार्षिक मर्यादेत मोजली जाते. आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांवरील प्रेषणावर शिक्षण व वैद्यकीय उपचार वगळता बहुतेक कारणांसाठी बँक २० टक्के कर आधीच वसूल करते, जो नंतर प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. तेवढ्या रोख रकमेची सोय मार्चअखेरीस नव्हे, आधी करून ठेवावी.